फौजेतून निघालेली वन टन हौसेखातर घ्यावी का?

नमस्कार दादा,

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पलूसजवळ तुमची द्राक्षबाग आहे. ओळखीतल्या एकांच्या शेडमध्ये फौजेतून डिस्पोजलला, म्हणजे लिलावात, निघालेली जुनी निस्सान वन टन (फौजेचा छोटा फोर बाय फोर ट्रक) उभी आहे आणि मालक द्यायला तयार आहेत. लहानपणापासून तुम्हाला या गाड्यांचं वेड. घरचे म्हणतात, दारात पांढरा हत्ती कशाला बांधता? तुम्ही विचारलंय की ॲव्हरेज किती, पार्ट मिळतात का, आणि त्यापेक्षा शक्तिमान, म्हणजे फौजेचा मोठा ट्रक, घेतली तर कसं.

मी कराडला असतो. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, आणि एक वन टन व एक जोंगा (फौजेची जीप) अशा जबलपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या दोन फौजी गाड्या बरीच वर्षं स्वतः चालवतो, स्वतः खोलतो. ॲव्हरेजचं उत्तर एका ओळीचं आहे: वन टनचं सुमारे चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन लिटरला चार-पाच किलोमीटर देतं, घाटात त्याहून कमी. पण हौसेची गाडी महिन्याकाठी फिरते ती किती? पेट्रोलमुळे कुणाचा हा छंद सुटलेला मी पाहिलेला नाही. सुटतो तो गाडी उभी राहिल्यामुळे. आधी बॅटरी उतरते, मग ब्रेक जाम होतात, मग टाकीत गंज धरतो, मग टायरला चिरा पडतात आणि शेवटी वर ताडपत्री येते. आत्ता तुमच्या ओळखीच्यांच्या शेडमध्ये नेमकं हेच झालेलं असणार. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा समजतो: ही गाडी माझ्या हाताखाली चालती राहील का, आणि चालती राहिली तर त्यात एवढं सुख काय आहे?

सुखाचं आधी सांगतो, कारण ते पटलं नाही तर पुढचं वाचायची गरजच नाही.

कराडहून पाटणमार्गे कोयनानगरला जाणारा रस्ता तुमच्या ओळखीचा असेल. कारने तो तासा-दीड तासात उरकतो आणि लक्षात काही राहत नाही. वन टनमध्ये तुम्ही कारपेक्षा बरेच उंच बसलेले असता, समोर उभी काच, पुढे लांब बॉनेट, आणि वेग चाळीस-पंचेचाळीसचा. त्या वेगाला कोयनेचं पाणी कुठे चढलंय, कुठल्या शेतात पाणी तुंबलंय, ते सगळं दिसतं. हेळवाक सोडून कुंभार्ली घाटात उतरायला लागलं की खरं चालवणं सुरू होतं. या गिअरबॉक्सना सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना दात्यांचा वेग आपोआप जुळवणारा भाग, एक तर नसतो किंवा झिजून नावापुरता उरलेला असतो. त्यामुळे डबल क्लच मारावा लागतो. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक हलकी लात, पुन्हा क्लच, आणि मग गिअर. लात कमी पडली तर दाते करकरतात, जास्त झाली तरी करकरतात. बरोबर पडली की लिव्हर आपोआप आत ओढल्यासारखा जातो, हाताला जोर म्हणून लागत नाही. हे कानाने शिकायचं असतं, कारण इंजिनचा आवाजच सांगतो की आता टाक. इतकी वर्षं झाली तरी वळणाच्या तोंडावर तो गिअर अलगद पडला की मला मनापासून आनंद होतो. आजच्या गाडीत हे सगळं काम कॉम्प्युटर करतो, आपण फक्त बसलेलो असतो.

दुसरं सुख माणसांचं, आणि त्या बाबतीत आपल्यासारखा नशीबवान मुलूख महाराष्ट्रात दुसरा नसेल. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी हे फौजींचं गाव आहे, पण खरं म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही गावात एएससीचा (फौजेची रसद-वाहतूक शाखा) एखादा रिटायर्ड ड्रायव्हर किंवा ईएमईचा (गाड्या दुरुस्त करणारी शाखा) एखादा हवालदार असतोच. मल्हारपेठेत चहाला थांबलो होतो, तेव्हा एक आजोबा आले. काही न बोलता गाडीला फेरी मारली, काठी बाजूला ठेवली आणि मागे वाकून डिफरन्शियल, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधला गोळा, बघितलं. म्हणाले, "पांढरा रंग काढला का रं?" फौजी ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग देतात आणि त्यावर उजेड पाडणारा एक बारका दिवा खाली लपवलेला असतो. रात्री सगळे दिवे बंद करून कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, चालला की मागच्या ड्रायव्हरला तेवढाच पांढरा ठिपका दिसतो आणि तो त्याच्यावरून अंतर राखतो. आजोबांनी तशा कितीतरी रात्री काढल्या होत्या. मी घरी येऊन आधी तो रंग दिला.

याच लोकांकडून मी फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड शिकलो. फौजी ड्रायव्हरची ही रोजची शिस्त. निघण्याआधी ऑइल, पाणी, हवा, दिवे आणि गाडीखाली जमिनीवर थेंब पडलाय का ते बघायचं. वाटेत थांबलं की चारही चाकांच्या हबला हाताची मागची बाजू लावायची. तीन हब कोमट आणि एक चटका देणारा असेल, तर त्या चाकाचा ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग आवळ बसलंय. परत आल्यावर गाडी पुसायची, टाकी भरायची आणि जे खटकलं ते वहीत लिहायचं. माझ्या गाड्या आज रस्त्यावर आहेत त्याचं निम्मं श्रेय या तीन परेडना आहे. तुमच्या गावातला असा एखादा माणूस शोधा. तो गाडीसाठी जेवढा उपयोगी पडेल, तेवढीच गाडी त्याच्यासाठी उपयोगी पडेल, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता शक्तिमान की वन टन. दोन्ही जबलपूरच्याच. शक्तिमान जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून बनायला लागली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. पुढे तिची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियनने घेतली. वन टन आणि जोंगा या निस्सानच्या परवान्यावरच्या. शक्तिमान दिसायला राजा आहे, डिझेल आहे, आणि मला कुणी चालवायला दिली तर मी जेवण टाकून जाईन. पण घरी ठेवायला तुमच्यासारख्या पहिलटकराला मी ती सुचवणार नाही. तिचं एक चाक उतरवायला दोन माणसं लागतात, क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स पेलायला चेनपुली लागते, आणि वळवायला अख्खं खळं लागतं. लायसनचाही प्रश्न येतो. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असेल तर एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन चालतं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मालवाहू गाड्यांच्या बाबतीतही ते मान्य केलंय. शक्तिमान त्या मर्यादेबाहेर जाते, म्हणजे हेवी लायसन आलं. वन टन त्या मानाने एका माणसाला आणि साध्या जॅकला झेपते. रविवारी सकाळी मनात आलं आणि बाहेर काढली, असं जिच्या बाबतीत होऊ शकतं, तीच गाडी चालती राहते.

कागदपत्रांवर मात्र मी सगळ्यात कडक आहे. गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी आरसी मागा. फौजेत असताना या गाडीला आरटीओचा नंबर नसतो, वर बाण असलेला फौजी नंबर असतो. लिलावात गेल्यावर पहिल्या खरेदीदाराने ती आरटीओत नोंदवलेली असली पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ४७ व्या नियमात त्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे: फौजेच्या जुन्या गाडीला संबंधित अधिकाऱ्यांचं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. ते कधी झालंच नसेल आणि मालक म्हणत असतील की "कागदं काय, नंतर करता येतील", तर नमस्कार करून परत या. नव्या लिलावाच्या आशेवरही राहू नका. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या भंगारात काढायचा नियम आहे, संरक्षण दलाच्या खास कामगिरीच्या गाड्या तेवढ्या वगळल्यात. तेव्हा जी पूर्वीच खासगी नावावर आलेली आहे, तीच गाडी तुमच्या कामाची.

आरसी असेल तर चेसी नंबर स्वतः वाचा. फडकं डिझेलमध्ये भिजवून चेसीवरचा मळ पुसा, कागद ठेवून वरून पेन्सिल घासा आणि उमटलेले आकडे आरसीशी एकेक करून ताडून बघा. आकडे एका ओळीत आणि एका खोलीचे हवेत. एखादा आकडा वेगळ्या ठशाचा किंवा आजूबाजूचं लोखंड ग्राइंडरने घासलेलं दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा. इंजिन कुठलं आहे तेही बघा. पेट्रोल परवडत नाही म्हणून बऱ्याच गाड्यांत दुसरं डिझेल इंजिन बसवलेलं असतं. ते आरसीवर चढलेलं नसेल तर पासिंगला अडेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळेल.

व्हिंटेज नंबर घ्यावा का, हे बरेच जण विचारतात. १५ जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली, धंद्यासाठी न वापरलेली चारचाकी त्यात बसते. नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, ती दहा वर्षं टिकते, पुन्हा करायला पाच हजार. पण तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच बाहेर काढायची. ज्याला जपून ठेवायचीय त्याला हे उत्तम. ज्याला चालवायचीय त्याने शक्यतो साधी नोंदणी चालू ठेवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं. तुमची गाडी आरसीवर खासगी आहे की मालवाहू, यावर पुढचं बरंच ठरेल, कारण मालवाहू असेल तर फिटनेसचं आणि परमिटचं वेगळं लफडं. हे कागद बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

आणि रंग. तुम्ही लिहिलंय की घेतल्यावर पहिल्यांदा तिला फौजी हिरवा रंग मारणार. तो मारू नका. नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्याच गाड्यांना आहे. फौजेच्या डिव्हिजनची चिन्हं, बाणाचा नंबर, हेही काढून टाका. माझी वन टन राखाडी आहे, आणि फौजी लोक तिला तरीही लांबून ओळखतात. गणवेश ज्याचा त्यालाच शोभतो, असं मला स्वतःलाही वाटतं.

कागद जुळले तर मग लोखंड बघा. इंजिनला लोक फार घाबरतात, पण खरं तर इंजिन ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात फाउंड्री आणि लेथ यांचा सुकाळ आहे. तुमच्या शेजारची किर्लोस्करवाडी तर १९१० पासून लोखंड घडवतेय आणि आसपासच्या गावागावांत पिढीजात टर्नर आहेत. बुश, पिन, शाफ्ट, पुली यातलं काहीही जुना नमुना दाखवून करून मिळतं. रबर आणि गॅस्केटही निघतात. अवघड असतं ते गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणारा डबा) आणि पुढच्या एक्सलचं आतलं काम. म्हणून पुढचा एक्सल लागतो का, लो गिअर पडतो का, पडल्यावर सुटतो का, हे चालवून बघा. बघायचं ते मातीच्या रस्त्यावर किंवा नांगरलेल्या रानाच्या कडेला. डांबरावर फोर बाय फोर लावून वळलात तर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन सगळा ताण गिअरवर येतो. चेसीच्या पट्ट्या आतून हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला पाहिजे.

ब्रेकच्या बाबतीत कुणाचंही ऐकू नका, मालकाचंही आणि माझंही. गाडी कितीही छान थांबत असली तरी घरी आणल्यावर सगळी चाकं खोलून व्हील सिलिंडरचे रबर, होज पाइप आणि ब्रेक ऑइल नवं घाला. या जुन्या गाड्यांच्या हायड्रॉलिक ब्रेकला बहुतेक एकच सर्किट असतं, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा आणि पाय ब्रेकवर ठेवून बसू नका. ड्रम तापले की पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही.

त्याहून महत्त्वाचं एक सांगतो, आणि हे पंक्चरवाल्यालाही सांगा. या गाड्यांवर बरेचदा दोन तुकड्यांचे रिम असतात. मधोमध बोल्टने जोडलेले. चाक उतरवायचे नट वेगळे आणि रिमचे दोन तुकडे धरणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना रिमचा नट सोडला तर अर्धा रिम तोफेच्या गोळ्यासारखा उडतो आणि समोरचा माणूस जागीच जातो. म्हणून फौजेत ते नट लाल रंगवायची पद्धत आहे. तुमच्या गाडीचा लाल रंग उडालेला असेल तर पहिल्याच दिवशी पुन्हा द्या. रिम खोलायचा असेल तर आधी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण जाऊ द्या, तार घालून खात्री करा, मगच पाना लावा. कडीचा रिम (टायर लोखंडी कडीने अडकवलेला) असेल तरी नियम तोच, आणि हवा भरताना चाकाला साखळी गुंडाळा.

पेट्रोलचं एक नवं दुखणं आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्या कारखान्यांच्या उसातूनही येतं, शेतकरी म्हणून आपल्याला त्याचं बरंच वाटतं, पण जुन्या गाडीचं रबर ते खातं. फ्युएल पंपचा डायफ्रॅम, नळ्या, कॉर्कची गॅस्केटं फुगतात, मऊ पडतात आणि गळतात. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरोरबरच्या नळ्या आणि डायफ्रॅम घाला, महिनाभर गाडी निघणार नसेल तर कार्बोरेटर रिकामा करा. शेडमध्ये पेट्रोलचा वास आला की चावी लावू नका, आधी गळती शोधा. सीटखाली आग विझवायचा सिलिंडर हवाच.

घरच्यांना तुम्ही सांगितलंय की पुरात उपयोगी पडेल. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर पाहिल्यावर तसं वाटणं साहजिक आहे. गाडी उंच आहे, खरं. पण पेट्रोल इंजिनच्या डिस्ट्रिब्युटरला पाणी लागलं की ती पाण्यातच बंद पडते, एक्सलच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी आत जातं आणि ऑइल दुधासारखं पांढरं होतं. वाहत्या पाण्याला तर वजनदार ट्रकही जुमानत नाही. तेव्हा पुराचं कारण देऊन ही गाडी घेऊ नका. आवडते म्हणून घ्या आणि घरच्यांनाही तेच सांगा. मागच्या हौद्यात दोन बाजूंना फळ्यांची बाकडी टाका, एका रविवारी सगळ्यांना डबे घेऊन सागरेश्वरापर्यंत न्या. माझ्या घरी विरोध तिथपर्यंतच टिकला. आता खंडेनवमीला गाडी धुवायला पोरं माझ्याआधी उठतात.

तर क्रम असा ठेवा: आरसी आणि विक्री प्रमाणपत्र, मग चेसी नंबर, मग ट्रान्सफर केस आणि पुढचा एक्सल, मग चेसीचा गंज, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. घासाघीस करताना ब्रेक, टायर आणि टाकी या तिन्हींचा खर्च धरूनच भाव बोला, कारण गाडी इतकी वर्षं उभी असेल तर ते तिन्ही तुमच्या गळ्यात पडणारच. छाटणीच्या धामधुमीत व्यवहार करू नका. काम आटोपल्यावर, हाताशी दोन-तीन मोकळे रविवार असताना करा. जाताना टॉर्च, डिझेलचं फडकं, पेन्सिल, कागद आणि शक्य झालं तर गावातला एखादा फौजी ड्रायव्हर बरोबर घ्या. आरसीवर गाडीचा वर्ग काय लिहिलाय आणि चेसीचा छाप कसा उमटला ते इथेच कळवा, म्हणजे पासिंगचं पुढचं नेमकं सांगता येईल.